ग्रंथात नसलेली म्हातारी

आषाढ पौर्णिमेला दोन दिवस उरले होते, तेव्हा बाबांनी मला न विचारता माझ्या वतीने कबूल करून टाकलं.

आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज दिवेलागणीला धम्मग्रंथाचं वाचन व्हायचं. आषाढ पौर्णिमेला सुरुवात, आश्विन पौर्णिमेला समाप्ती. वस्तीत घडाघडा वाचणारा एकच माणूस होता आणि त्या वर्षी तो नोकरी लागून अकोल्याला गेला होता. आता वाचायचं कोणी, म्हणून बैठक बसली. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. बाबा उठले, सदऱ्याची बटणं सारखी केली आणि म्हणाले, "माही पोरगी वाचते नं. पाचवीत हाय."

मी बायकांत, मायच्या पाठीमागे बसले होते. मी मायचा पदर तोंडावर ओढून घेतला. कारण मला वाचता येत नव्हतं, आणि ही गोष्ट अख्ख्या गावात फक्त दोघींना ठाऊक होती. एक मला, दुसरी माझ्या शेजारच्या मैत्रिणीला.

रिसोडहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत अर्ध्या कोसावर आमचं गाव. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. पाचवीत गेलेल्या पोरीला वाचता येत नाही, हे कोणी मानलं नसतं, कारण मी वर्गात कविता म्हणायला उभी राहिले की गुरुजी छडी खाली ठेवून ऐकायचे. एकदा ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नसे. विहारातली वंदना मी पाच वर्षांची असताना तोंडपाठ म्हणायचे. त्यात विशेष काही नव्हतं, आमच्या वस्तीत सगळ्यांनाच ती ऐकून पाठ होती. पण पुस्तक समोर आलं की माझं सगळं अवसान गळायचं. सुपात दाणे पाखडताना कुठला दाणा कुठे पडेल सांगता येत नाही, तशी माझ्यासमोर अक्षरं उडायची. एक धरावं तर दुसरं जागा सोडायचं. आत्ता ओळखलेलं अक्षर खालच्या ओळीत पुन्हा परकं व्हायचं. मला वाटायचं की सगळ्यांनाच असं होतं, फक्त बाकीचे मेहनती आहेत आणि मी आळशी आहे. गुरुजी तसंच म्हणायचे. "डोकं हाय, पण वाचायचा कंटाळा," असं त्यांनी बाबांना माझ्यादेखत सांगितलं होतं. आळशी हा शब्द आजही कोणी लेकराला उद्देशून वापरला की माझं डोकं फिरतं, मग समोर कोण आहे हे मी बघत नाही.

वर्गात पाळीपाळीने धडा वाचायचा असे. मी पोरी मोजायचे. माझ्या आधी किती उरल्या, मला कोणता परिच्छेद येणार, ते हेरायचे आणि मैत्रीण ओठ न हलवता तो माझ्या कानात सांगायची. मग मी पुस्तक नाकासमोर धरून घडाघडा म्हणायचे. हे आम्ही दुसरीपासून करत होतो. या कामात आमचा हात इतका बसला होता की कधीकधी मलाच वाटायचं, मला येतंय.

पण विहारातलं वाचन म्हणजे शाळा नव्हती. बाबांसाठी तर नव्हतीच.

बाबा त्याच शाळेत दोन वर्षं गेले होते. आत नाही, पडवीत. त्यांच्या वेळी आमच्या लेकरांना दाराबाहेर बसवत. हातात पुस्तक नाही, पाटी तपासायला गुरुजी जवळ येत नसत. दारातून फळा दिसे तेवढंच शिक्षण. "मले फळा दिसे, पर अक्षर काई नीट दिसे नाई. लय दूर होतं," असं ते नेहमी सांगायचे. सांगताना आवाज चढायचा नाही, पण हातातलं काम थांबायचं. माझं नाव शाळेत घातलं त्या दिवशी ते दारापर्यंत आले आणि बाहेरूनच गुरुजींना म्हणाले, "इले समोरच्या रांगेत बसवा." त्यानंतरही ते शाळेत आले की पडवीतच थांबत. आत या म्हटलं तरी येत नसत. आणि मी समोरच्या रांगेत, फळ्यापासून दोन हातांवर बसून काही एक वाचू शकत नव्हते.

हे त्यांना कळलं तर काय होईल, हाच विचार मी त्या तीन महिन्यांत जेवताना, झोपताना, पाणी भरताना केला. मला शाळेतून काढून मायसोबत शेतात तण निंदायला पाठवतील, हे एक भय होतं. पण खरं भय निराळं होतं. मला त्यांचं तोंड बघावं लागलं असतं.

मैत्रिणीने वाट काढली. विहाराची झाडलोट वाचणाऱ्याकडे असे. शाळा सुटली की आम्ही दोघी झाडू घेऊन जायचो. ती पांढऱ्या कापडातून ग्रंथ सोडायची आणि त्या दिवसाची तीन पानं मला वाचून दाखवायची. मी डोळे मिटून ऐकायचे. दुसऱ्यांदा वाचून झालं की माझ्या डोक्यात पक्कं बसायचं. प्रत्येक पानाच्या शेवटच्या शब्दावर ती माझ्या गुडघ्याला चिमटा काढायची. "इथीसा पान उलट," म्हणायची. तो शब्द मी चिमट्यासकट लक्षात ठेवायचे.

संध्याकाळी पाटावर ग्रंथ, बाजूला मेणबत्ती आणि समोर सगळी वस्ती. बाबा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत. मी बोट ओळीखालून फिरवत म्हणायचे. बोटाची भीती सगळ्यात मोठी. बोट पुढे जायचं आणि शब्द मागे राहायचे, कधी शब्द संपायचे आणि बोट पानाच्या मध्यावरच असायचं. त्यात एक म्हातारबाबा माझी काळजी म्हणून रोज कंदील उचलून पुस्तकाजवळ धरायचे. "दिसते नं पोरी?" म्हणायचे. जसजसा उजेड वाढायचा तसतसे माझे तळहात ओले व्हायचे. पानाच्या कडेला माझ्या घामाचे डाग आहेत. तो ग्रंथ अजून विहारात आहे, मी ते डाग मध्यंतरी जाऊन बघितले.

लोक खूश होते. बायका माझ्या ओंजळीत फुटाणे टाकत. वाचन संपून घरी जाताना बाबा माझ्या पुढे चालत नसत, बरोबरीने चालत. हे कौतुक मला गिळवत नव्हतं. मी रात्री दचकून उठायचे आणि उद्याची तीन पानं अजून यायची आहेत हे आठवून मला रडू यायचं.

भादव्यात एक दिवस मैत्रीण तिच्या मायसोबत मालेगावला मामाकडे गेली. संध्याकाळच्या एसटीने परत येणार होती. मी शाळेतून सुटून रस्त्यापर्यंत धावत गेले. एसटी आली, दोन माणसं उतरली. ती त्यात नव्हती.

मी विहारात जाऊन एकटीने ग्रंथ उघडला. पहिल्यांदा खरोखर प्रयत्न केला. एका ओळीवर किती वेळ बसले कोण जाणे. चार शब्द लागले, पाचवा लागेपर्यंत पहिला सुटला. बाहेर बायकांचे आवाज यायला लागले, तसे लागलेलेही गेले. मग मी घरी पळाले आणि पोट दुखतं म्हणून आडवी झाले. मायने पोटावर हात ठेवला, ओवा चावायला दिला आणि म्हणाली, "ऊठ. लोक बसले."

मी पाटासमोर बसले. ग्रंथ उघडला. म्हातारबाबांनी कंदील धरला. माझ्या कानात नुसतं गूं वाजत होतं. बाबा समोर होते, त्यांचे ओठ किंचित उघडे होते, मी बोलले की ते माझ्यासोबत हलायचे. त्यांच्या त्या ओठांना घाबरून मी तोंड उघडलं.

मी म्हणाले की एका गावात एक म्हातारी होती. तथागत गावात आले, सगळा गाव ऐकायला गेला, म्हातारी तेवढी गेली नाही. तिची ज्वारी दाण्यावर आली होती, राखण सोडली तर पाखरांनी शेत लुटलं असतं. तथागतांना हे कळलं. ते तिच्या शेतात गेले आणि म्हणाले, तू खाली बस, पाखरं मी हाकलतो. दिवसभर त्यांनी मचाणावर उभं राहून गोफण फिरवली, पण एकाही पाखराला खडा लागू दिला नाही. म्हातारी शेताच्या कडेला, धुऱ्यावर बसून होती. संध्याकाळी ती म्हणाली, तुम्ही तर काही सांगितलंच नाही. तथागत म्हणाले, तू सांग, मी ऐकतो. मग म्हातारी बोलली, आणि जन्मात पहिल्यांदा कोणीतरी तिचं पुरतं ऐकून घेतलं.

हे कुठून आलं मला माहीत नाही. आमच्या ज्वारीतलं बाबांचं मचाण डोळ्यांसमोर होतं, एवढं खरं. मी दोनदा पान उलटलं, कुठेही उलटलं. संपलं तसा मी ग्रंथ मिटला. मला वाटलं, पकडले. मग मागून एका म्हाताऱ्या बाईने नाक ओढल्याचा आवाज आला. "आपल्यातलीच होती वं थे बाई," ती म्हणाली.

त्या दिवसापासून माझी भीती वेगळीच झाली. लोकांना तो भाग फार आवडला. महिन्याभरात दोनदा तो पुन्हा वाचायला लावला. बाबा तर निंदणाऱ्या बायांना, वाटेत भेटणाऱ्यांना सांगायचे, ग्रंथात असं असं लिहिलेलं हाय. मैत्रीण परत आल्यावर मी तिला ते सांगितलं तेव्हा ती पांढरी पडली. "थे त्याच्यात नाई वं," ती म्हणाली. तरी तिने दोन दिवस सगळी पानं चाळली. म्हातारी कुठे सापडते का, म्हणून. आम्हाला दोघींनाही वाटत होतं की कदाचित सापडेल.

आश्विन पौर्णिमेला दुपारी समाप्तीचा कार्यक्रम. मोठ्या गंजात खीर शिजली होती. पाहुणे म्हणून रिसोडचे एक शिक्षक बोलावले होते. पांढरा पायजमा, खिशाला पेन, आवाज मऊ. ते आपलेच, आपल्यातून शिकून मोठे झालेले, म्हणून लोक त्यांच्याकडे हात जोडूनच बघत होते. त्यांचं भाषण झालं. मी मनात म्हटलं, आता खीर वाढतील, संपलं. तेवढ्यात बाबा उठले.

"सर," ते म्हणाले, "थो म्हातारीचा भाग पोरीच्या तोंडून ऐका एक डाव. मंग खीर वाढू."

मी तो भाग म्हटला. एकही शब्द चुकला नाही. सर डोळे मिटून ऐकत होते, मध्येच त्यांनी डोळे उघडले. संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बेटा, हे कोणत्या पानावर आहे?"

मी कुठलंतरी पान उघडलं. त्यांनी वाचून पाहिलं, पुढचं उलटलं, मागचं उलटलं. मग पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथून वाच."

ओळ माझ्यासमोर होती. मी मैत्रिणीकडे बघितलं, ती बायकांच्या मागे होती आणि तिचा हात तोंडावर होता. म्हातारबाबांनी सवयीने कंदील शोधला, पण दुपार होती. "पहिला शब्द तरी वाच," सर म्हणाले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी रडून सुटले असते.

"वाच नं बाई," बाबा म्हणाले.

"मले वाचता येत नाई," मी म्हणाले.

सरांनी ग्रंथ मिटला, कपाळाला लावला आणि लोकांकडे वळून म्हणाले, की ग्रंथात आपल्या मनाने काही घालायचं नसतं, आणि वाचता येत नसताना येतं म्हणणं ही आपल्या समाजाची फसवणूक आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं. मी मान खाली घालून ऐकत राहिले. चपला पायात सरकवल्याचा आवाज आला. मान वर केली तेव्हा बाबा फाटकाबाहेर होते. समाप्तीच्या दिवशी खीर न घेता विहारातून कोणी जात नाही. ते गेले.

तासाभराने मायने माझ्या हातात भाकरीचं फडकं आणि खिरीचा डबा दिला. "वावरात हाय. नेऊन दे." मी म्हटलं, तू जा. ती म्हणाली, "म्या कायले जाऊ? त्यायले तुह्यासंगच बोलाचं असन."

गावापासून आमच्या दोन एकरांपर्यंत मी इतकी हळू चालले की वाटेत एक म्हैस मला मागे टाकून गेली. बाबांनी माझ्या अंगाला कधी हात लावला नव्हता. आता लावतील, असं मला वाटत होतं, आणि लावावा असंही वाटत होतं. ज्वारी हुरड्यावर आली होती. बाबा मचाणावर उभे होते आणि गोफण फिरवत होते. मी खाली उभी राहिले. त्यांनी बघितलं आणि पुन्हा गोफण फिरवली. खडा सूं करून गेला, पाखरं उठली, पलीकडे जाऊन बसली.

"वर ये."

मी चढले. डबा मधे ठेवला. त्यांनी खिशातून कागद काढला. बिडीच्या पुड्याचं वेष्टन होतं, त्यावर छापलेलं होतं काहीतरी. ते माझ्यापुढे धरलं.

"काय दिसते?"

"अक्षरं."

"थे मलेही दिसतात. काय होते, सांग."

मी सांगितलं, "हालतात. एकावर धेन देलं का दुसरं सरकते. मंग पयलं वळखू येत नाई. म्या आळस नाई करत बाबा. म्या लय पाहतो, पर थे थांबतच नाईत."

मला वाटलं, आता मार बसणार. बाबा त्या कागदाकडे बघत राहिले. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. पाखरं परत ज्वारीवर उतरली होती आणि त्यांनी ती हाकलली नाहीत.

"तू तं समोर बसतं," ते म्हणाले.

"हो."

"फळ्याच्या जवळ."

"हो."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले वाटे का म्या दारात बसतो म्हणून हालतात."

मी त्यांचं तोंड बघितलं. ज्याला मी तीन महिने घाबरत होते ते तोंड हे नव्हतं. राग असता तर मला परवडला असता. तीस वर्षं एका माणसाला पक्कं ठाऊक होतं की आपल्याला का आलं नाही, आणि ते माझ्या एका बोलण्याने त्याच्या हातातून गेलं होतं. मी इतकी भ्याले की त्यांचा हात धरला. तो गार होता.

या प्रकाराला नाव आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. नातवाचंही तसंच निघालं, तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. डोळे चांगले असतात, डोकंही चांगलं असतं, पण अक्षर आणि आवाज यांची गाठ सहजी बसत नाही. पुष्कळदा घराण्यात उतरतं. लवकर ओळखलं आणि वेगळ्या रीतीने शिकवलं तर लेकरू वाचायला लागतं. "तुमच्याकडे आधी कोणाला होतं का?" त्यांनी विचारलं. मी तिथेच, त्या खुर्चीवर, पदर तोंडात कोंबून रडले. दाराबाहेर बसवणाऱ्यांना मी त्यामुळे काही माफ करून टाकलं नाही. उलट माझा राग वाढला. बाबांना आत घेतलं असतं तर कोणाच्या तरी लक्षात यायची शक्यता होती. पण खरं बोलायचं तर मला आत घेतलं होतं, पुढच्या रांगेत बसवलं होतं, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. मी सातवीपर्यंत रेटलं आणि सोडलं. पुढे अंगणवाडीत मदतनीस झाले, मोठेपणी ओळीखाली जाड पुठ्ठ्याची पट्टी धरून हळूहळू वाचायला शिकले. हे लिहायला मला सतरा दिवस लागले आणि लेकीने तीनदा तपासलं. नातवाच्या शाळेत वाचनाचा तास असतो त्या दिवशी अजूनही सकाळपासून मी त्याची शाळा सुटायची वाट बघत असते.

त्या संध्याकाळी बाबांनी खीर खाल्ली. निम्मी मला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यासोबत शाळेत आले. पडवीत, दाराजवळ, नेहमीच्या जागी उभे राहिले. मला वाटलं, नाव काढायला आलेत. गुरुजींना कालची बातमी पोचलीच होती. त्यांनी पाळीबिळी न लावता पहिलं मलाच उठवलं आणि धडा काढायला लावला. मैत्रिणीने सवयीने ओठ हलवले. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"मले वाचता येत नाई," मी म्हणाले. त्या वर्गात पहिल्यांदाच म्हणाले.

पोरी हसल्या. गुरुजींनी छडी उचलली. "येत नाई का वाचत नाईस? एवढं तोंडपाठ होते आन वाचता येत नाई? हात पुढं कर."

मी हात पुढे केला आणि डोळे मिटले. छडी बसली नाही. डोळे उघडले तर बाबा वर्गात होते. चपला दाराबाहेर काढून, फळ्याजवळ, माझ्या बाजूला उभे होते. त्या उंबरठ्याच्या आत त्यांना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"गुरुजी, थे खोटं नाई बोलून राह्यली," ते म्हणाले.

"तुमाले काय समजते वाचनातलं?" गुरुजी म्हणाले.

"वाचनातलं नाई समजत," बाबा म्हणाले. "न येण्यातलं समजते. तुमच्याहून जास्ती."

गुरुजींनी छडी टेबलावर ठेवली आणि पुढच्या पोरीला उठवलं. ती वाचायला लागली. तिचा धडा संपेपर्यंत बाबा तिथेच, आत, उभे होते.